दोऱ्याचं टोक

बुधवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ऑर्थेला पिटमन तीन नंबरच्या खोलीत एका म्हातारीचं डोकं बेसिनवर धरून उभी होती. डावा हात मानेखाली, उजव्या हातात प्लॅस्टिकचा मग. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचं, मग कपाळाच्या कडेनं मागं सोडायचं. कानात थेंब जाता कामा नये. म्हातारी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती आणि ऑर्थेला मधून मधून "हो ना बाई", "खरंय" म्हणत होती.

दारात नेडीन आली. "सिस्टर पिटमन, अकरा नंबरमध्ये चला जरा."

"हे डोकं पुसून होऊ दे."

"मी पुसते. तुम्ही चला."

नेडीन अठ्ठावन्न वर्षांची होती. चर्चच्या रीतीनं एकमेकींना सिस्टर म्हणणाऱ्या काळ्या बायकांच्या व्हायलेट क्लबात तिच्याहून धाकटं कोणी नसल्यामुळे सगळ्या जणी तिला अजून पोरगीच म्हणत आणि जड पिशव्या तिच्याच खांद्याला लावत. एरवी ती खोलीत येण्याआधी तिचं हसू यायचं. ऑर्थेलानं टॉवेल तिच्या हातात दिला, हात एप्रनला पुसले आणि ती निघाली.

अकरा नंबरमध्ये मिस लुव्हेनिया ग्रीअर खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर वृद्धाश्रमाचा पांढरा टॉवेल, आणि तो दोन्ही हातांनी हनुवटीखाली आवळून धरलेला.

"मिस लुव्हेनिया, मी आले. चला, केसांचे दोरे सोडू या. फार दिवस राहिले या खेपेला."

त्यांनी मान वळवली नाही. ऑर्थेलानं टॉवेलची कड बोटानं जराशी उचलली. खाली दोरे नव्हते. केसही नव्हते. कात्रीनं जमेल तसे, कुठं बोटाच्या पेराएवढे तर कुठं कातडीलगत कापलेले, आणि डाव्या कानामागं चिकटपट्टीनं बसवलेला पांढऱ्या जाळीचा तुकडा.

"हात काढ," मिस लुव्हेनिया म्हणाल्या. "तूच कापलेस."

हा १९९८ सालच्या ऑक्टोबरातला बुधवार.

टॉलिव्हर हे अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातलं कापसाचं गाव. ऑर्थेलाचा जन्म तिथलाच. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं कापूस पिकवायचे. वेचणीच्या दिवसांत शाळा बंद, आणि एका वर्षी ती बंद झाली ती ऑर्थेलापुरती पुन्हा उघडलीच नाही. पुढं तिनं सारं आयुष्य शाळेतच काढलं, पण स्वयंपाकघरात. आधी काळ्या मुलांच्या शाळेत, मग काळ्या-गोऱ्यांच्या दोन्ही शाळा एक झाल्यावर सगळ्यांच्या. नवरा हॉलिस जिनिंगवर होता, तो गेला. मुलगा सैन्यात, नाताळला फोन करतो. बोलायला ती तुटक. चर्चमध्ये गाण्यासाठी उभी राहते, पण देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला म्हणून कधी उभी राहिलेली कुणी पाहिली नाही.

क्लबात ती आली आईमुळे. आई अर्धांगानं पडल्यावर दोघी बहिणींची कामं सुटेनात, तेव्हा तिला काउंटीच्या सरकारी गरीबखान्यात ठेवावं लागलं होतं. काळ्यांची खोली मागच्या अंगाला, धुण्याच्या चुलीला लागून. तिथं कोणी कोणाचं डोकं विंचरत नसे. आई हिवाळ्याच्या शेवटी गेली तेव्हा तिच्या डोक्यावर केसांचा नुसता नमदा झाला होता. शवपेटीवाले मिस्टर रॅगलंड म्हणाले, एक तर केस काढतो, नाहीतर पेटी बंद ठेवतो. टॉलिव्हरात पेटी उघडी ठेवतात. घरची माणसं एकेक करून पुढं जातात आणि शेवटचं तोंड बघतात. बंद पेटी म्हणजे माणूस बुडालेला किंवा जळालेला.

तेव्हा मिस लुव्हेनिया आल्या. त्या आपल्या स्वयंपाकघरात बायकांचे केस करून पोट भरायच्या. एरंडेलाची बाटली आणि लांब दांडीचा कंगवा घेऊन त्या रॅगलंडांच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या. टोकापासून सुरुवात करायची, मुळाकडे सरकायचं. दुपार गेली, संध्याकाळ झाली. एक केस कापला नाही. शेवटी दोन वेण्या घातल्या आणि लग्न झालेल्या बायका घालतात तशा माथ्यावरून वळवून बसवल्या. ऑर्थेला भिंतीला टेकून सगळं बघत होती. मग ती पुढं गेली आणि आईला ओळखलं.

क्लबाच्या पुढच्या बैठकीत मिस लुव्हेनिया उभ्या राहिल्या. व्हायलेट क्लब तोवर नाताळच्या टोपल्या वाटायचा, हुशार मुलींना शिकायला मदत करायचा. त्या म्हणाल्या, "गेलेल्यांना आपण फार छान विंचरतो. जिवंत असतात तेव्हा कोण विंचरतं?" त्या बुधवारी पाच जणी गरीबखान्याच्या मागच्या दारानं आत गेल्या. पुढं तो गरीबखाना बंद पडला, गावाबाहेर नवा वृद्धाश्रम झाला, आणि बुधवारही त्याच्याबरोबर तिकडं गेला. आश्रमात मंगळवारी केस करणारी एक बाई येते, पण काळ्या बायकांच्या केसांतलं आपल्याला काही कळत नाही असं ती स्वच्छ सांगते. म्हणून क्लबाचा बुधवार सुटला नाही.

ऑर्थेला शिकली ती मिस लुव्हेनियांच्या हाताखाली. पहिल्या दिवशी तिनं असं काही घासलं की त्या म्हणाल्या, "पोरी, ते पातेलं नाही. आत माणूस आहे." वर्षानुवर्षं हा किस्सा क्लबात सांगितला गेला आणि दर वेळी ऑर्थेलाही हसली.

दोरा ही त्याहूनही जुनी गोष्ट. शेतावरच्या बायका आठवडाभर केसांना सुती दोरा गुंडाळून वर फडकं बांधायच्या. धूळ बसत नाही, केस गुंतत नाहीत, आणि रविवारी सोडले की लांब, मोकळे पडतात. एकेक बट घ्यायची, मुळाशी दोरा धरायचा, टोकापर्यंत वेढे देत जायचं, पुन्हा मुळाशी यायचं. मिस लुव्हेनियांची सगळी खुबी शेवटच्या वेढ्यात. गाठ त्या मारत नसत. दोऱ्याचं टोक आधीच्या वेढ्यांच्या पोटात असं सारून द्यायच्या की दिसायचं नाही, उशीवर टोचायचं नाही. "टोक दिसलं की काम कच्चं." ऑर्थेलाला ते साधायला फार दिवस लागले. साधलं ते मात्र तिला एकटीलाच. बाकीच्या बायका केस सरळ करायला केव्हाच तापवलेल्या कंगव्याकडे वळल्या होत्या, मग बाटलीतल्या औषधांकडे, मग नकली केसांच्या टोपांकडे.

मिस लुव्हेनिया स्वतः अकरा नंबरमध्ये आल्या तेव्हा त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी आजचं गेलं, मग कालचं. उरलं ते लहानपणचं. त्यांना दोरेच हवे असायचे, आई बांधायची तसे. "बुधवारी बांध, शनिवारी सोड," त्या बजावायच्या. "रविवारी काय दोऱ्यांनिशी देवापुढं बसू?" पांढरेशुभ्र, दाट केस, खांद्यांच्या खाली येणारे. शुद्ध होती तेव्हा एक गोष्ट त्यांनी ऑर्थेलाकडून कबूल करून घेतली होती. "मी जाईन तेव्हा माझं डोकं दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस. दोन वेण्या, माथ्यावरून. टोप घातलास तर पेटीतून उठून बसेन." ऑर्थेला म्हणाली होती, बरं.

शनिवार क्लबातल्या ओझेलकडे असायचा. ती पायऱ्यांवरून पडली, खुबा मोडला; तेव्हापासून शनिवारही ऑर्थेलानं घेतला. ऑक्टोबरात लिटल रॉकला राज्यभरच्या क्लबांचं संमेलन होतं आणि त्या वर्षीचा सन्मानफलक व्हायलेट क्लबला, याच बुधवारांसाठी, मिळाला होता. ऑर्थेलाला जायचं नव्हतं. क्लबाच्या अध्यक्ष क्लोटील बँक्स, जन्मभर शाळेत शिकवलेल्या, ऐकेनात. "तू नाही आलीस तर मी तिथं कोणाचे हात दाखवू? माझे? मी आयुष्यभर खडू धरलाय." मग ऑर्थेला गेली. जांभळी हॅट घातली, व्यासपीठावर चढली, फलक घेतला, उतरली. जाण्याआधीच्या बुधवारी तिनं मिस लुव्हेनियांचे दोरे नेहमीपेक्षा घट्ट बांधले होते, पुढच्या बुधवारपर्यंत टिकावेत म्हणून.

पुढच्या बुधवारी चर्चचे डीकन प्युरिफॉय यांची माती होती. मातीनंतरचं जेवण व्हायलेट क्लब करतो. टॉलिव्हरात आजवर एकाही घराला क्लबानं नाही म्हटलेलं नाही. सगळ्या जणी चर्चच्या तळघरात होत्या, चवळी, मक्याचा पाव, तळलेली कोंबडी. क्लोटील म्हणाल्या, एक बुधवार चुकला म्हणून काही आभाळ कोसळत नाही. ऑर्थेला कोंबडी उलटत होती. ती उलटतच राहिली. त्यानंतरचा शनिवार मागची भांडी घासण्यात आणि ओझेलला दवाखान्यात नेण्यात गेला.

दोऱ्यांबद्दल आश्रमात तिनं कोणालाच सांगितलेलं नव्हतं. चमचा कसा धरायचा हे जसं कोणी कोणाला सांगत नाही, तसंच.

"कोणी सांगितलं कापायला?" त्या बुधवारी नर्सच्या टेबलापाशी उभं राहून तिनं विचारलं.

"मी," मोठ्या नर्स मिसेस प्रुइट म्हणाल्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, कामाला चोख बाई. "कानामागं जखम झाली होती, मिसेस पिटमन. पू धरला होता. खाजवून खाजवून उशी रक्तानं भरली. मी म्हटलं दोरे काढा. ते निघेनात."

त्यांच्या मागं टमेका बॉइस उभी होती. सव्वीस वर्षांची, मेम्फिसहून मुलीला घेऊन इथं मावशीकडे आलेली, सप्टेंबरातच कामाला लागलेली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर कंबरेपर्यंत बारीक वेण्या होत्या, विकतचे केस मिसळून घातलेल्या.

"मी खूप वेळ बसले, मॅम," ती म्हणाली. "खरंच बसले. टोकच सापडेना. दोऱ्याला टोक असतं ना कुठंतरी? मावशीला फोन केला. ती म्हणाली, माझी आजी असलं काही बांधायची, पण सोडायचं कसं ते मला नाही ठाऊक."

"आंघोळ कोणी घातली?"

"मीच. डोक्यावरून. मला वाटलं ती त्यांची स्टाइल आहे." ती थांबली. "मग ते सुकले आणि आणखीच आवळले."

सुती दोरा भिजला की आवळतो. हे ऑर्थेलाला माहीत होतं.

"क्लबाला फोन का नाही केलास?"

"केला, मॅम. घरी कोणी उचलेना. तुम्ही सगळ्या त्या मातीच्या जेवणात होतात."

मिसेस प्रुइटनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचं येणं आम्हाला हवंय. तुम्ही नसता तर काय झालं असतं ते मला कळतं. पण यापुढं दोरा नको."

"नको," ऑर्थेला म्हणाली. मग तिनं टमेकाला विचारलं, "केस कुठं आहेत?"

"कापलेले? ते... जखमेच्या पट्ट्यांबरोबर गेले, मॅम. कचऱ्यात."

टॉलिव्हरातल्या जुन्या बायका गळलेला केस टाकत नाहीत, जाळतात. पाखरानं घरट्याला नेला तर डोकं ठणकत राहतं म्हणतात. दर बुधवारी कंगव्यात आलेले केस ऑर्थेला कागदी पिशवीत घालून घरी न्यायची आणि शेगडीत टाकायची. तीन नंबरमध्ये परत जाऊन तिनं राहिलेलं डोकं विंचरलं.

परतताना चर्चची गाडी क्लोटील चालवत होत्या.

"मी राज्याच्या ऑफिसात तक्रार करणार आहे," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही, सवरलं नाही, एका बाईचं डोकं भादरलं. ही काय मेंढी आहे?"

"दोरा मी बांधला," ऑर्थेला म्हणाली.

"कात्री त्यांनी चालवली."

"टोक मी लपवलं."

"लपवायला तुला शिकवलं कोणी? तिनंच ना?"

मागून नेडीन म्हणाली, "सिस्टर बँक्स, लाल दिवा."

"दिसतोय मला. तो काही पळून जात नाही."

गाडी दिव्यापाशी थांबली, अर्धी पलीकडे. लिटल रॉकचा फलक अजून टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटखाली पडला होता, वळणावर तो सरकून नेडीनच्या पायाला लागला. "हा कुठं लावायचा ते ठरवा तरी," ती म्हणाली. कोणी ठरवलं नाही. क्लोटीलची तक्रारही गेली नाही. ऑर्थेलानं तिसऱ्यांदा तेच सांगितल्यावर त्यांनी ती सोडून दिली.

त्यानंतर प्रत्येक बुधवारी ऑर्थेला अकरा नंबरच्या दारात जायची आणि प्रत्येक बुधवारी मिस लुव्हेनिया टॉवेल ओढून घ्यायच्या. "आली ती बाई." कधी म्हणायच्या, "तुरुंगाच्या शेतावरची आहे ती. तिथं नेल्या नेल्या बायकांचं डोकं भादरतात. मी काय केलंय? मी कोणाचं काय चोरलंय?" ऑर्थेलानं एप्रन बदलून बघितला. दाराबाहेरून त्यांच्या आवडीचं गाणं म्हणून बघितलं. एकदा जांभळा रेशमी रुमाल आणून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बाजूला झाली. त्यांनी तो हातानं चाचपला, टॉवेल काढून डोक्याला बांधला, आणि नेडीनला विचारलं, "कोणी दिला ग? चांगल्या घरची बाई दिसते."

"सिस्टर पिटमननं," नेडीन म्हणाली. "ती बघा दारात."

"ती नव्हे. ती कात्रीवाली."

नेडीनलाही त्या डोक्याला हात लावू देईनात. कंगवा दिसला की ओरडायच्या. जखम भरली, पण टाळू कोरडी पडली, खपल्या निघू लागल्या. अशा टाळूवर जे उगवतं ते तुटतं. डेट्रॉइटहून मिस लुव्हेनियांच्या मुलीचा, मार्व्हाचा फोन आला. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, फार दिवस नाहीत. "मिस ऑर्थेला, मी टोप घेऊन येऊ का? वेळेवर धावाधाव नको."

"टोप नको."

"मग काय करायचं?"

"वाढतील," ऑर्थेला म्हणाली. केस महिन्याला किती वाढतात ते तिला कोणी सांगायला नको होतं. दोन वेण्यांना दोन वर्षं तरी लागतात.

डिसेंबरात एका बुधवारी ती कॉरिडॉरमधून जात असताना अकरा नंबरमधून हसण्याचा आवाज आला. मिस लुव्हेनियांचं हसणं, नाकातून निघणारं, पूर्वीचं. दार अर्धं उघडं होतं. टमेका चादर बदलता बदलता पलंगाच्या कडेला टेकली होती आणि मिस लुव्हेनियांनी तिची एक वेणी हातात धरून टोकाशी आणली होती.

"हे काय, जाळलंय टोक? कोणी घातल्या ग या? आणि हे अर्धे केस कोणाचे?"

"विकतचे आहेत, मॅम."

"तुझे काय कमी होते? डोक्याला जरा श्वास घेऊ दे, ऑर्थेला. किती वेळा सांगायचं तुला."

टमेकानं वर बघितलं. दारात ऑर्थेला उभी होती. टमेका उठून बाहेर आली, दार मागं ओढून घेतलं.

"मॅम, मी सांगणारच होते तुम्हाला. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगपासून त्या मला याच नावानं हाक मारतात. मी सांगून बघितलं, मी टमेका. तर म्हणाल्या, थट्टा पुरे. परत सांगू का?"

ऑर्थेला काही वेळ कॉरिडॉरच्या टोकाकडे बघत राहिली. तिथं कोणी नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "हाक मारली की ओ दे."

"पण मी कापलेत ते."

"त्यांना ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक आहे ना."

"हो. तुला डोक्याला तेल लावता येतं?"

चादरींच्या खोलीत शिकवणी झाली. डोकं नेडीननं दिलं. "घ्या माझंच," ती म्हणाली, "त्यात तसंही जपण्यासारखं काही उरलेलं नाही." एरंडेल तळव्यावर घेऊन आधी चोळून कोमट करायचं. थेट टाळूवर ओतायचं नाही. नखं नव्हेत, बोटांची पेरं. मानेपासून वर चढायचं. कानामागं बोट नाही, मऊ फडक्याचं टोक. टमेकाचे हात मोठे होते, पण हलके. एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा दाखवावं लागत नव्हतं. नेडीनला तिथंच डुलकी लागली.

"ते दोऱ्याचंही दाखवाल, मॅम?" हात पुसताना टमेकानं विचारलं. "टोक कुठं जातं ते? तेव्हापासून डोक्यात घोळतंय माझ्या."

"ते नको शिकूस," ऑर्थेला म्हणाली.

पहिल्यांदा तेल लावायच्या दिवशी ती दाराबाहेर उभी राहिली. दार बोटभर उघडं. टमेका खुर्चीच्या मागं होती. अडलं तर मान वळवून दाराकडे बघायचं असं ठरलं होतं. मिस लुव्हेनियांनी रुमाल सोडू दिला. कपाळावरून पहिलं बोट फिरलं तेव्हा त्यांचे खांदे खाली आले.

मग त्या म्हणाल्या, "तुझी आई चांगली दिसली हो त्या दिवशी."

टमेकानं दाराकडे बघितलं. ऑर्थेलानं मान हलवली.

"हो, मॅम."

"रॅगलंड कात्री घेऊन उभा होता. मी म्हटलं, मिस्टर रॅगलंड, ती ठेवा खाली. कापू दिले नाहीत मी. आठवतं तुला?"

"आठवतं, मॅम."

"मग माझे का कापू दिलेस?"

टमेकाची बोटं थांबली. तिनं या वेळी दाराकडे बघितलं नाही. ऑर्थेला दिसली असती तरी मान कोणत्या बाजूला हलवावी हे तिलाही कळलं नसतं. तिनं दाराची चौकट धरली होती.

"चुकलं, मॅम," टमेका म्हणाली. "माझं चुकलं."

मिस लुव्हेनियांनी मान जराशी पुढं झुकवली. "हं," त्या म्हणाल्या. "जरा खाली लाव. मानेवर."

टमेकानं मानेवर लावलं. ऑर्थेला दारापासून दूर झाली, कॉरिडॉर ओलांडला आणि राहिलेल्या खोलीत गेली. तिथल्या बाईनं विचारलं, काय ग, सर्दी झालीय का. ऑर्थेला म्हणाली, हो.

जानेवारीत मिस लुव्हेनिया अंथरुणाला लागल्या. आता त्या फारसं बोलत नाहीत, बोलल्या तर हाक मारतात, आणि त्या हाकेला टमेका जाते. एकदा, आता आपण त्यांना नवी बाई वाटू अशा आशेनं, ऑर्थेला आत गेली, पलंगाशेजारी बसली. मिस लुव्हेनियांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि हळूहळू चादर कपाळापर्यंत ओढून घेतली. त्यानंतर ती आत गेलेली नाही.

गेल्या आठवड्यात टमेकाची पाळी संपल्यावर ऑर्थेला तिला पार्किंगमध्ये भेटली. थंडी होती, टमेका गाडीची काच खरवडत होती.

"एक विचारायचंय," ऑर्थेला म्हणाली. "मिस लुव्हेनिया गेल्या की पेटीवाल्याकडे त्यांचं डोकं करायला कोणीतरी लागेल. तू येशील?"

टमेकानं खरवडायचं थांबवलं. "मी? ते तुमचं आहे ना, मॅम. तुम्ही शब्द दिलाय म्हणतात सगळ्या."

"दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही, असा दिलाय. आता त्यांच्या लेखी ऑर्थेला तू, दुसरी मी."

"मॅम, मला मेलेल्या माणसांची भीती वाटते. खरं सांगते. माझ्या आजीपाशीही मी गेले नव्हते."

"मलाही वाटायची."

"आणि वेण्या? एवढ्याशा केसांच्या वेण्या कशा होणार?"

"होणार नाहीत. तेल लावायचं, विंचरायचं, कपाळावरून मागं बसवायचं. तेवढंच."

"तुम्ही असाल?"

"शेजारी उभी राहीन. हात लावणार नाही."

टमेकानं काचेवरचा राहिलेला तुकडा खरवडला. मग म्हणाली, "मावशीला मुलीकडे बघायला सांगावं लागेल. कोणता वार असेल कोणाला ठाऊक."

"ते कोणालाच ठाऊक नसतं," ऑर्थेला म्हणाली, आणि क्लोटीलनी दुसऱ्यांदा भोंगा वाजवला म्हणून गाडीकडे निघाली.

आज मंगळवार आहे. उद्या पावणेनऊला चर्चची गाडी निघेल. एक ते दहा नंबरच्या खोल्या ऑर्थेलाकडे आहेत, बारापासून पुढच्या नेडीनकडे. अकरा नंबरचं डोकं टमेका सातला पाळीवर आल्यावर, न्याहारीच्या ताटल्या उचलल्या की करते. क्लबाच्या बायका पोचतात तेव्हा ते झालेलं असतं.